पंचवीस मिनिटं पुढे

दारू सोडवणाऱ्या कोरड्या घरात बारा पुरुष राहत होते आणि घड्याळजीच्या मते त्यांतले अकरा बेवडे होते.

बारावा तो स्वतः. तो तिथे का आला, असं कुणी विचारलंच तर ‘बायकोचं समाधान’ म्हणून सांगायचा. जणू तिने हट्ट धरला म्हणून हवापालटाला आलाय. खरं म्हणजे बायकोने त्याची पिशवी भरून दुकानाच्या पायरीवर ठेवली होती आणि आतून कडी घातली होती. कडीआडून ती एवढंच बोलली: तिथे नव्वद दिवस काढा, सही-शिक्क्याचा कागद आणा, दार उघडीन. कागद नसेल तर वाजवूसुद्धा नका. ती एकदा बोलली की बोलली, हे घड्याळजी बावीस वर्षांच्या संसारात पुरतं शिकला होता. शिकलेलं तेवढंच.

घर तीन मजली, एका लाँड्रीच्या पाठीला पाठ लावून उभं. भिंतीतून दिवसभर वाफेची सूं सूं यायची आणि ओल्या साबणाचा वास जेवणात उतरायचा. पहाटे साडेपाचला शिट्टी. ती वाजवणारा घराचा व्यवस्थापक एके काळी फुटबॉलचे सामने खेळवायचा, म्हणून सगळे त्याला पंच म्हणत. पंच एकोणीस वर्षं कोरडा होता आणि ही गोष्ट तो जेवणाआधी एकदा व जेवणानंतर एकदा सांगायचा, डॉक्टरने लिहून दिल्यासारखी. गळ्यात शिट्टी, शर्टाच्या खिशात दोन कार्डं. चादरीला सुरकुती दिसली की पिवळं. लाल म्हणजे पिशवी उचला.

शिट्टीनंतर सगळे बनियनवर जिन्यात रांग लावायचे आणि एका छोट्या यंत्रात फुंकायचे. त्याला घरात पुंगी म्हणत. पुंगी गप्प राहिली तर नाश्ता, वाजली तर लाल कार्ड. आपली पाळी आली की घड्याळजी तिचं तोंड स्वतःच्या रुमालाने तीनदा पुसायचा, एक डोळा मिटून तपासायचा, पुन्हा पुसायचा. मागे उभा क्रेनवाला म्हणायचा, “फुंक रे बाबा, लग्न नाही लावायचंय तिच्याशी.”

क्रेनवाल्याचे हात फावड्याएवढे, आणि त्या हातांनी तो संडास घासायचा. दाताचा डॉक्टर बटाटे सोलायचा, सालीबरोबर अर्धा बटाटा जायचा. भूगोलाचा एक मास्तर होता, त्याला झाडायला दिलेली खोली सापडायची नाही. घड्याळजी कप विसळायचा आणि एकेकाकडे असा बघायचा, की जणू तो दुरुस्तीला आलेला माल आहे आणि गिऱ्हाइकाला सांगायचंय, फेकून द्या, नवं घ्या.

आता या घराची एक रीत होती. चाळिसाव्या दिवशी, नाश्त्यानंतर, टेबलं भिंतीला सरकवून प्रत्येकाने आपला ‘तळ’ सांगायचा. म्हणजे दारूपायी आपण किती खोल गेलो होतो, ते सगळ्यांसमोर. ज्याने ही रीत घातली त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, माणूस लाजेल, रडेल, हलका होईल. पण डझनभर पुरुष एका खोलीत बसवले की ते कशाचीही शर्यत लावतात. तिथे बुडण्याची लावली.

क्रेनवाल्याने म्हणे दुपारच्या सुट्टीत साहेबाची मोटार साहेबासकट उचलून नवव्या मजल्यावर नेऊन ठेवली आणि स्वतः घरी जाऊन झोपला. दाताच्या डॉक्टरने एका गवयाचे भलतेच चार दात उपटले, आणि चूक लक्षात आल्यावर तेच परत बसवले, पण उलटे. तेव्हापासून गवई तान घेतो तेव्हा रस्त्यावरची कुत्री गोळा होतात. मास्तर चाळीस पोरं सहलीला घेऊन गेला आणि चाळीस पोरं घेऊन परत आला, पण दुसऱ्याच शाळेची. “आकडा जुळला होता,” हे त्याचं आजही म्हणणं. असा एकेक तळ, की विहिरीला लाज वाटावी. ज्याचा तळ खोल, त्याला खिडकीजवळची खाट आणि आमटीची एक पळी जास्त.

घड्याळजीचा खरा तळ गुडघाभरसुद्धा नव्हता. दुकानामागच्या खोलीत, औषधाच्या मापाने, सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. आरडाओरडा नाही, मारामारी नाही, गटारात एकदाही पडला नाही. अकरा वर्षं फक्त आडवा होता. हे सांगितलं तर हे अकरा गाढव आपल्याला हसणार, आणि गाढवांनी हसावं यापरीस माणसाने मेलेलं बरं, असं त्याच्या मनाने घेतलं. खोटा तळ सांगणाऱ्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, असं जिन्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं. पण पकडणार कोण? मोटार नवव्या मजल्यावर कोण बघायला गेलं होतं?

चाळिसाव्या दिवशी तो उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला की टाऊन हॉलच्या टॉवरवरचं मोठं घड्याळ, ज्याला दर सोमवारी चावी द्यावी लागते, त्याची देखभाल आपल्या दुकानाकडे आहे. इथवर खरं होतं. पुढचं त्याने जागच्या जागी कातलं.

आठ वर्षांपूर्वीचा हिवाळा. सोमवारची सकाळ. त्याने म्हणे नऊ मापं पोटात घातली होती आणि दोन बाटल्या कोटाच्या खिशांत. एकशे अडुसष्ट पायऱ्या चढून वर गेला, चावी दिली, घाम सुटला. कोट काढला. अडकवायला खुंटी बघितली, तर तबकडीच्या छोट्या खिडकीबाहेर एक छान लांब खुंटी दिसली. तिच्यावर कोट अडकवला आणि झोपला. ती खुंटी म्हणजे मिनिटकाटा होता. पाच मिनिटांवरचा काटा भरल्या खिशांच्या वजनाने घसरत घसरत तिसावर आला, आणि अख्खं शहर पंचवीस मिनिटं पुढे गेलं. तीन दिवस कुणाला पत्ता नाही! टॉवर बघून कारखान्याचा भोंगा, भोंगा ऐकून शाळेची घंटा, घंटा ऐकून आगगाडी. एक कैदी पंचवीस मिनिटं आधी सुटला, तेवढ्यात त्याने एक दुकान फोडलं आणि सुटायच्या वेळेला परत आत हजर. एक नवरदेव आपल्या हिशेबाने वेळेवर पोहोचला, तोवर नवरीने फोटोग्राफरशी लग्न उरकलं होतं.

मग क्रेनवाल्याने आपली ती फावडी एकमेकांवर आपटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खिडकीजवळची खाट त्याच दुपारी घड्याळजीकडे आली. दोन दिवस तो जावयासारखा वावरला. मनात म्हणाला, काय ही बावळटांची जत्रा. कोटाच्या वजनाने शहर हलतं म्हटलं तर माना डोलावतात.

तिसऱ्या दिवशी बटाटे सोलता सोलता दाताच्या डॉक्टरने विचारलं, हिवाळा म्हणजे नेमका कधी? सुरुवातीचा की शेवटचा? घड्याळजीने हवेत हात फिरवला, म्हणाला, मधला. डॉक्टरने सुरी खाली ठेवली. त्याच मधल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोने त्याला एका हॉटेलात शेवटचं बोलायला बोलावलं होतं. तो अर्धा तास उशिरा पोहोचला. ती उठून गेली ती कायमची. आजवर तो समजत होता की आपण वाटेत दोन ठिकाणी थांबलो म्हणून. “म्हणजे मी वेळेवर होतो,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की बटाट्यांनी बघत राहावं.

संध्याकाळपर्यंत मास्तरला आठवलं की त्याचीही आगगाडी त्याच आठवड्यात चुकली होती, आणि त्याच गाडीत त्याची नवी नोकरी होती. क्रेनवाल्याला त्याच बुधवारी उशिरा आल्याबद्दल घरी पाठवलं होतं. घरी पाठवलं म्हणून तो प्यायला, प्यायला म्हणून मोटार उचलली. सगळं कसं साखळीसारखं जुळत गेलं. जो माणूस त्या शहरात पाच वर्षांपूर्वी आला होता, त्यालाही सापडलं: त्याच्या मावसभावाचा फोन त्या दिवशी वेळेवर आला नव्हता. आठवड्याभरात त्या घरात एकही दारुडा उरला नाही. सगळे घड्याळाने बुडवलेले सज्जन.

कळस केला पंचाने. त्याच हिवाळ्यात अंतिम सामन्यात त्याने शेवटची शिट्टी वेळेआधी वाजवली होती आणि लोकांनी त्याला मैदानावरून हाकललं होतं. म्हणाले, पिऊन आलाय. तो तर अकरा वर्षं कोरडा होता तेव्हा. मध्यंतरात आपण हातातलं घड्याळ टॉवरशी जुळवून घेतलं होतं, हे त्याला आता लख्ख आठवलं. त्याने घड्याळजीला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. घड्याळजीला किळस आली. दारू सोडून एकोणीस वर्षं झाली आणि हा अजून बहाणा शोधतोय, तोही माझा.

पण हसणारे दात त्याच्याच घशात जायचे होते. तळानंतर घरात माफी असते. ज्याचं ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे जायचं, तोंडाने माफी मागायची आणि माफीच्या कागदावर त्याची सही आणायची. सह्या पुऱ्या झाल्या की नव्वदाव्या दिवशी पंचाचा शिक्का. पंचाने विचार केला आणि निकाल दिला: शहर मोठं आहे, सगळ्यांकडे कुठे जाणार, पण घरातल्या अकरा जणांचं वाटोळं घड्याळजीने केलंय, तेव्हा त्यांच्या अकरा सह्या हव्यात.

घड्याळजीला वाटलं, यात काय, चहाच्या वेळात उरकेल. त्याने कागद फिरवला. डॉक्टर म्हणाला, जखम ओली आहे. मास्तर म्हणाला, विचार करतो, आणि विचार करायला निघून गेला. क्रेनवाल्याने कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि परत दिला. घड्याळजीने पाया पडून माफी मागितली, ताटात स्वतःचा पाव ठेवला, पाळ्या बदलून संडास घासले. सही एकानेही केली नाही. कशी करणार? माफ केलेला गुन्हेगार काय कामाचा? त्याला मोकळा सोडला की ज्याचं ओझं त्याच्या डोक्यावर. घरात महिनाभर कुणी स्वतःच्या बायकोकडे, साहेबाकडे, शाळेकडे माफी मागायला गेलं नव्हतं. गरजच नव्हती. मूळ पुरुष खिडकीजवळच्या खाटेवर झोपत होता.

असा एकोणनव्वदावा दिवस उजाडला, रविवार. उद्या नव्वद, कागद कोरा. खरं सांगावं तर मोजणी एकपासून. न सांगावं तर सह्या नाहीत, म्हणजे शिक्का नाही, म्हणजे दार नाही. घड्याळजी अंगणातल्या बाकावर बसून नखं खात होता आणि चार वाजता, रविवारच्या भेटीच्या वेळेला, बायको आली. धुतलेला शर्ट आणला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, नाडी बघतात तसं, आणि शेजारी बसली.

दाताच्या डॉक्टरला राहवलं नाही. तो पुढे झाला. “वहिनी, तुम्हाला काय म्हणायचं, तुमचा काय दोष. पण यांच्या त्या कोटाने माझा संसार मोडला.”

“कुठला कोट?” बायकोने विचारलं.

मग एकाला दहा तोंडं फुटली. खुंटी, काटा, भोंगा, नवरदेव, शेवटची शिट्टी, सगळं तिच्यापुढे मांडलं गेलं. अंगणात अकरा जण आणि दारात पंच. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर तिने वर्ष विचारलं, वार विचारला आणि नवऱ्याकडे वळली.

“त्या सोमवारी टॉवरवर कोण चढलं होतं?”

उत्तर तिनेच दिलं, आवाज न चढवता. लग्नानंतर अकराव्या वर्षी हे खाटेवर पडले आणि उठलेच नाहीत. दुकान कुणी चालवलं ते सोडा. पण दर सोमवारी एकशे अडुसष्ट पायऱ्या ती चढत आली आहे. गुडघ्याला पट्टा बांधून, तेलाची बाटली पदराआड नेऊन, कारण बाईमाणूस घड्याळाला चावी देतं हे कळलं असतं तर काम गेलं असतं. पावसात, तापात, बहीण वारली त्या सोमवारीसुद्धा. “माझं घड्याळ पंचवीस मिनिटं चुकलं?” ती म्हणाली. “पंचवीस सेकंद चुकलेलं कुणाला आठवत असेल तर पुढे या.”

पुढे कुणी आलं नाही. पण मागेही कुणी गेलं नाही. मास्तरने घसा खाकरला आणि म्हणाला, नवऱ्याला पाठीशी घालणं बायकोला शोभतं, वहिनींचं कौतुक आहे. ‘बरोबर, बरोबर,’ असा गलका झाला. सगळ्यांना एकच भीती होती: हा प्राणी आणखी एक दिवस इथे राहिला तर ही बाई पुन्हा येईल. डॉक्टरने खिशातून पेन काढलं. म्हणाला, झालं गेलं गंगेला मिळालं, मी माफ केलं. त्याने सही ठोकली. महिनाभर ज्यांच्या जखमा ओल्या होत्या त्या सात मिनिटांत सुकल्या. एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या झाल्या. क्रेनवाल्याने तर इतक्या जोरात केली की पाठ ज्याची होती तो कळवळला.

पंचाने अकरा सह्या मोजल्या. शिक्का काढला, त्यावर ‘हाऽ’ करून तोंडाची वाफ सोडली. त्याचा हात मात्र खाली येईना. बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

“एका शब्दात सांग, घड्याळजी,” तो म्हणाला. “घड्याळ चुकलं होतं ना? हो म्हण आणि उद्या घरी जा.” त्याचा आवाज निकाल देणाऱ्या पंचाचा नव्हता, उधार मागणाऱ्याचा होता.

बायको उठली. “मी दाराचं बोलले ते बोलले,” ती म्हणाली. “शिक्क्याचा कागद दाखवलात तर उघडीन. टॉवरची किल्ली मात्र उद्याच नगरपालिकेत देऊन टाकते. जिच्या हातून शहर चुकतं, तिने कशाला चढायचं.”

घड्याळजीने एकवार सगळ्यांकडे बघितलं. अकरा माना आशेने लांबलेल्या, ताट येताना मांजरं बसतात तशा. त्यांचा त्याला नेहमीसारखाच तिटकारा आला. पण या वेळी तो तिटकारा अंगणाला वळसा घालून बाकावर येऊन बसला, थेट त्याच्या मांडीवर. हो म्हटलं की उद्या गरम जेवण, स्वतःची उशी, पुढचं दुकान, मागची खोली. आणि मागच्या खोलीत काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

“घड्याळ बरोबर होतं,” तो म्हणाला. “कोटबिट काही नाही. अकरा वर्षांत मी तो जिना बघितलेला नाही. मी झोपलेलो असायचो. ही चढायची.”

पंचाने शिट्टी तोंडात धरली, काढली, पुन्हा धरली. “म्हणजे त्या दिवशी मीच...” असं काहीसं तो पुटपुटला आणि वाक्य गिळून बसला. मग शिक्का खिशात टाकला, कागदाचे चार तुकडे करून ते दुसऱ्या खिशात टाकला आणि म्हणाला, “तळ खोटा. उद्या पहिला दिवस.” एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. फार देऊ नये.

बायकोने धुतलेला शर्ट नवऱ्याच्या हातात दिला. “म्हणजे आणखी नव्वद,” ती म्हणाली. “मला काय, चढायची सवय आहे.” आणि पाचच्या आत फाटकाबाहेर पडली.

खिडकीजवळची खाट त्याच संध्याकाळी गेली. मोरीशेजारची मिळाली. चहात मीठ आलं, बुटांत बटाट्याची सालं आली, आणि मास्तर त्याचं नाव निघालं की ‘तो खोटारडा’ म्हणायचा, चेहरा जराही न हलवता. नव्या चाळिसाव्या दिवशी टेबलं पुन्हा भिंतीला सरकली. घड्याळजीने तळ सांगितला: माप, खाट, अकरा वर्षं, जिना. चार मिनिटांत संपला. कुणीतरी जांभई दिली.

“एवढंच?” डॉक्टरने विचारलं.

“एवढंच,” घड्याळजी म्हणाला आणि कप विसळायला गेला.

माफीच्या कागदावर या खेपेला एकच नाव होतं. बायकोने तो शेवटच्या रविवारी दोनदा वाचला, सही केली आणि खाली वेळ लिहिली, चार वाजून सात मिनिटं. नव्वदाव्या दिवशी शिक्का पडला. घड्याळजी पिशवी घेऊन जिना उतरला तेव्हा खाली त्याला निरोप द्यायला कुणीच नव्हतं. सगळे जेवणाच्या खोलीत एका नव्या माणसाभोवती कोंडाळं करून बसले होते. तो हवामान खात्यातला कारकून होता आणि सांगत होता की सहा वर्षांपूर्वी आपण एकदा प्यालेल्या अवस्थेत धुक्याचा इशारा द्यायला विसरलो. मास्तरच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरला तो धुक्याचा दिवस आठवू लागला होता. पंच तर डायरी उघडून तारीखच विचारत होता.